पहिलीच फेझंट शिकार, तीही जानेवारीतल्या साउथ डकोटात: काय काय सांभाळावं?

उत्तरायण

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या पूर्व भागात फेझंट या कोंबड्याएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीला जायचं घाटतंय. माणसं दोनच, सोबत मित्राची लॅब्रॅडॉर कुत्री. फिरणं सगळं सार्वजनिक जमिनीवर. मित्र यात मुरलेला, मी कोरा. आजवरचा अनुभव म्हणजे मातीच्या तबकड्या उडवणं, तेही उन्हाळ्यात, अंगात टी-शर्ट घालून.

त्या दिवसांत तिथं ०° फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि वर बोचरा वारा असतो असं कळलं. बंदूक १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन, ३ इंची चेंबर (काडतूस बसतं ती जागा), चोक (नळीच्या तोंडाशी बसणारं, छऱ्यांचा झोत आवळणारं नळकांडं) बदलता येणारे. प्रश्न असे:

१. या थंडीत बंदुकीचं काय बिघडतं? काडतूस आणि चोक कोणते घ्यावेत?
२. कपडे किती आणि कसे?
३. पक्षी बसतात कुठे आणि दोघांनी रान कसं काढायचं?
४. कुत्रीची काळजी आणि गोठलेल्या दलदलीवरून चालणं, या दोन्हींतलं मला शून्य कळतं.

"मजा येईल, या" असं सांगणारे भरपूर भेटलेत. नेमकं चुकतं कुठे, ते सांगणारं कुणी हवंय.

---

दुनळी

बंदुकीपासून सुरुवात करतो, कारण थंडीत सगळ्यात आधी तीच रुसते.

पंप घेताय हे उत्तम. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो या तापमानात काजळी आणि घट्ट तेल यांच्या कचाट्यात सापडली की दुसरं काडतूस चढवत नाही. पंप तुमच्या हाताच्या जोरावर चालते. पण तेलाचा नियम तिलाही लागू. निघायच्या आदल्या दिवशी बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा भाग) बाहेर काढा, सॉल्व्हंटने जुनं तेल पूर्ण धुऊन टाका, कोरडा करा आणि घासणाऱ्या जागांवर अगदी पातळ तेलाचं बोट फिरवून तेही फडक्याने पुसून घ्या. ग्रॅफाइटसारखं कोरडं वंगण असेल तर आणखी बरं. फायरिंग पिनभोवती साचलेलं तेल थंडीत घट्ट झालं की पिन दबकत पुढे जाते, काडतुसाच्या टोपीवर उथळ खळगा पडतो आणि बार उडत नाही. तसं झालं तर लगेच काडतूस काढू नका. नळी सुरक्षित दिशेला रोखून तीस सेकंद थांबा, मग काढा. आणि नेहमीच्या दणक्याऐवजी नुसता "फुस्स" आवाज आला तर पुढचा बार अजिबात टाकू नका. काडतुसातली प्लॅस्टिकची वाटी नळीतच अडकलेली असू शकते.

दुसरी गोष्ट, नळीत गेलेला बर्फ. गुडघाभर बर्फात माणूस पडतोच, आणि पडताना बंदुकीचं तोंड जमिनीत घुसतं. नळीत बोटभर बर्फ किंवा चिखल राहिला आणि बार टाकला तर नळी फुगते, फाटते. म्हणून पडलात की पहिलं काम: काडतुसं काढा, अ‍ॅक्शन (बोल्टची यंत्रणा) उघडी ठेवा, चेंबरच्या बाजूने आरपार बघा. फुंकर मारून बर्फ काढायला जाऊ नका, वाफेने तो जागच्या जागी गोठतो. दोरीला वजन बांधलेला, नळी साफ करायचा फडक्याचा गुंडा खिशात ठेवा. हलकीच वस्तू आहे.

काडतूस: सरकारी पाणथळ क्षेत्रांवर, म्हणजे ज्यांना वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया म्हणतात तिथं, शिशाचे छर्रे चालत नाहीत. राज्याच्या बहुतेक सार्वजनिक जमिनींवरही बिनविषारी छर्रेच लागतात. म्हणून सरळ स्टीलचीच काडतुसं घ्या, खिशात दोन प्रकार ठेवायची भानगड नको. स्टील शिशापेक्षा हलकं, वेग लवकर गमावतं, म्हणून आकार दोन अंकांनी मोठा घ्यायचा. शिशाचा ५ नंबर ज्याला पुरतो त्याला स्टीलचा ३ नंबर. हंगामाच्या शेवटचा नर म्हणजे पिसांची जाड गोधडी पांघरलेला गडी. मी ३ इंची, सव्वा औंसाचं, २ किंवा ३ नंबरचं स्टील सुचवेन. सव्वा औंसात ३ नंबरचे साधारण १९७ छर्रे बसतात, २ नंबरचे १५६.

चोक मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळणारा. सगळ्यात घट्ट अशा फुल चोकमधून मोठं स्टील मारू नये. स्टील दबत नाही, त्यामुळे झोत आधीच घट्ट जातो आणि चोकवर ताण येतो.

आता नवख्यांचं खरं दुखणं: दस्ता काखेत अडकणं. टी-शर्टवर मापात बसणारी बंदूक जाड जॅकेटवर अर्धा इंच लांब होते. पक्षी भर्रकन उठतो, तुम्ही दस्ता वर खेचता, त्याची टाच जॅकेटच्या घडीत रुतते आणि नेम लागेपर्यंत पक्षी चाळीस यार्डांवर. उपाय घरच्या घरी: रिकामी बंदूक दोनदा तपासून, शिकारीचे सगळे कपडे आणि हातमोजे घालून, रोज पन्नासदा खांद्याला लावा. आधी दोन्ही हातांनी पुढे, पक्ष्याकडे ढकला, मग मागे खांद्यात घ्या. सेफ्टी आणि चाप त्याच हातमोज्याने चालतात की नाही हेही तेव्हाच कळेल. जाड मोज्यातलं बोट चापाच्या कडीत शिरताना चाप दाबू शकतं. उजव्या हाताला पातळ लोकरी मोजा आणि गरम पुडी ठेवलेला खिसा, डाव्याला हवा तितका जाड मोजा चालतो.

मुक्कामी परतल्यावर बंदूक उघडीच हीटरजवळ ठेवली की आतून बाहेरून दव धरतं, आणि सकाळी तेच दव गोठून बसतं. पेटीत बंद ठेवूनच खोलीत आणा, दोन-तीन तास तशीच राहू द्या, मग उघडून पुसा.

---

बारा_बोअर

दुनळी यांना बहुतेक सगळ्यावर अनुमोदन, चोक सोडून. नवखा माणूस, कुत्री जवळ काम करणारी आणि पाणकणसाचं दाट रान असेल तर पहिला बार पंधरा-वीस यार्डांवरच पडतो. तिथं स्टील आणि मॉडिफाइड म्हणजे झोत फारच आवळलेला. एक तर चुकतो, नाहीतर पक्ष्याचा चिवडा होतो. कमी आवळणारा इम्प्रूव्हड सिलिंडर चोक लावा आणि पस्तीस यार्डांपलीकडचा पक्षी सोडून द्या. थंडीत काडतुसातली दारू जरा मंद जळते आणि हवाही दाट असते. उन्हाळ्यातले चाळीस यार्ड जानेवारीत चाळीस राहत नाहीत.

आणखी एक: २० बोअरचं एकही काडतूस तुमच्या खिशात असता कामा नये. मित्राची बंदूक २० बोअरची असेल तर त्याची काडतुसं त्याच्याकडेच. २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून घसरून नळीत पुढे अडकतं, बंदूक रिकामी वाटते, मागून १२ चं चढवलं की नळीबरोबर हातही जातो. २० बोअर पिवळ्या रंगाचं करतात ते याचसाठी. पण बधिर बोटांना रंग दिसत नाही.

---

माळावरचा_वारा

प्रश्न ३ माझा.

ऑक्टोबरात फेझंट सगळीकडे असतो: गवतात, मक्याच्या कडेला, चरांत. जानेवारीत बर्फाने गवत आडवं झालेलं असतं आणि वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या फारच थोड्या जागा उरतात. त्या म्हणजे पाणकणसाच्या गोठलेल्या दलदली, वाळुंजाची झुडपं, शेतांच्या कडेचे झाडांचे दाट पट्टे आणि स्विचग्राससारखं ताठ उभं राहणारं उंच गवत. याच्या अर्ध्या मैलाच्या आत उभा किंवा कापलेला मका असेल तर ती जागा आधी. म्हणजे थंडीने पक्षी कमी होत नाहीत, गोळा होतात. एका दलदलीत शंभर पक्षी आणि शेजारच्या तीन दलदलींत एकही नाही, असा मामला. म्हणून दिवसभर पाय तोडण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी गाडीतून बघा: सूर्यास्ताआधीच्या तासात मक्यातून परतणारे पक्षी कोणत्या पाणकणसात उतरतात ते. दुर्बीण बंदुकीइतकीच कामाची.

बर्फावरचे ठसेही वाचता येतात. पुढे तीन बोटं, मागे एक छोटं, ठशांची जवळजवळ सरळ रेघ, आणि भुसभुशीत बर्फात मधूनमधून शेपटीची ओढ. ठशाची कड धारदार असेल तर ताजा, कड गोलावून आत दाणेदार बर्फ साचला असेल तर शिळा.

आता आवाज. बर्फाला पापडी धरली असेल तर प्रत्येक पाऊल पोह्याचा पापड मोडल्यासारखं वाजतं. जुना नर, जो ऑक्टोबरपासून बंदुका चुकवत आलाय, तो तुम्ही गाडीचं दार लावता तेव्हाच पलीकडच्या टोकाने निघून जातो. त्यामुळे:

– गाडी दूर थांबवा, दार ढकलून लावा, आपटू नका. बोलणं बंद, कुत्रीला शिट्टी कमीत कमी.
– वाऱ्याच्या तोंडावर चाला. आवाज मागे जातो, वास कुत्रीच्या नाकात येतो. गाल सोलवटतात, पण इलाज नाही.
– नव्या बर्फानंतरचा पहिला शांत दिवस सोन्यासारखा. पाऊल वाजत नाही आणि पक्षीही घट्ट दबून बसतात. सगळं वेळापत्रक मोडून त्या दिवशी बाहेर पडा.
– वारा पंचवीस-तीस मैलांच्या वर गेला की पक्षी बिथरलेले असतात, लांबूनच उठतात आणि वाऱ्याच्या पाठीवर बसून निघून जातात. तेव्हा उघडी दलदल सोडा आणि झाडांच्या पट्ट्याची वारा न लागणारी बाजू धरा.

दोघांनी हाका कसा घालायचा: मोठी दलदल दोघांच्या आवाक्यातली नाही, तिच्या नादी लागू नका. दोन-चार एकरांचे तुकडे निवडा, ज्यांचं एक टोक उघड्या नांगरटीवर किंवा बर्फावर संपतं. फेझंट उडण्याआधी पळतो. पळून पळून आडोसा संपला की तिथं त्याला उडण्यावाचून गत्यंतर नसतं. एकाने आधी वळसा घालून, आवाज न करता, त्या टोकाला जाऊन उभं राहायचं. दुसऱ्याने कुत्रीसह या टोकाने शिरायचं. नवख्याने टोकावर उभं राहावं असं बरेच जण सांगतात, कारण पक्षी तिथं मिळतो. मला ते पटत नाही. टोकावरच्या माणसाकडे त्याचा जोडीदार चालत येत असतो, आणि खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बंदूक वळवायचा मोह तिथंच सर्वात मोठा. पहिल्या दिवशी कुत्रीबरोबर चाला.

चालायचं सरळ नाही, नागमोडी. दर वीस-तीस पावलांवर पूर्ण थांबायचं, मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. चालता माणूस पक्ष्याला कळतो. थांबलेला कळत नाही, म्हणून दबलेल्याचा धीर सुटतो. आडोशाच्या शेवटच्या दहा यार्डांत निम्मा वेळ घालवा. नवखे तिथंच घाई करतात, बंदूक खांद्यावर टाकतात, आणि मागून दोन नर उठतात.

बार टाकायचा नियम एकच, त्याला अपवाद नाही: पक्ष्याच्या खाली आकाश दिसलं पाहिजे. पक्ष्यामागे गवत किंवा बर्फ दिसत असेल तर तिथं कुत्री किंवा जोडीदार असू शकतो. आणि फक्त नर. उठताना ओरडतो, मानेला पांढरी कडी, लांब शेपूट. मादी भुरकट आणि गुपचूप उठते. ढगाळ दिवशी किंवा सूर्य समोर असताना दोन्ही काळेच दिसतात. रंग दिसला नाही तर बंदूक खाली. पक्षी उठला की दोघांनीही मोठ्याने "रूस्टर" (नर) किंवा "हेन" (मादी) ओरडायचं, तो आवाज आधी आणि बार नंतर. शेपूट आखूड आणि टोकदार, उडताना कुक-कुक आवाज, असा पक्षी दिसला तर तो शार्पटेल ग्राउझ. त्याच्या वाटेला जाऊ नका.

एक मत, पटलं तर घ्या: हिमवादळ चालू असताना किंवा संध्याकाळच्या शेवटच्या तासात पाणकणसातून पक्षी उठवू नयेत. नियमात सूर्यास्तापर्यंत मुभा आहे, पण अंधार पडताना आडोशातून हुसकलेली मादी रात्र उघड्यावर काढते. पुढच्या वर्षीची पिल्लं तिच्याच पोटी यायची असतात.

---

लोकरी_मोजा

कपड्यांचं थोडक्यात लिहीन म्हणतो, पण थोडक्यात होणार नाही.

शत्रू थंडी नाही, घाम आहे. बर्फात पाणकणीस तुडवत चालणं म्हणजे जिना चढत राहणं. जाड जॅकेट घालून निघालात तर वीस मिनिटांत आतले कपडे ओले होतात, मग तुम्ही टोकावर दहा मिनिटं स्थिर उभे राहता आणि ती ओल अंगातली ऊब ओढून घेते. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं थोडं कुडकुडायला झालं, तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं पण अस्तर नसलेलं कवच. सुती काहीही नको, आतली चड्डीसुद्धा नाही. पफी जॅकेट दाबून पाठीवरच्या पिशवीत ठेवायचं, थांबल्यावर घालायचं, निघताना काढायचं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. वरून झगझगीत नारिंगी जाकीट आणि टोपी, कायदा काही म्हणो. पांढऱ्या बर्फात पिवळट पाणकणसाआड उभा असलेला माणूस नारिंगीशिवाय दिसत नाही.

पायांत २०० ते ४०० ग्रॅम अस्तराचे बूट. हजार-बाराशे ग्रॅमवाले बसून राहणाऱ्यांसाठी असतात, चालणाऱ्याचे पाय त्यात उकडून भिजतात. जाड मोजे दोन घालून बूट घट्ट झाला तर रक्त कमी पोचतं आणि बोटं अधिक गारठतात. एकच चांगला लोकरी मोजा, बुटात बोटं हलवायला जागा, आणि जेवणाच्या वेळी बदलायला कोरडी जोडी. बर्फ बुटात जाऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटावरून चढवायची आवरणं. गरम पुड्यांतली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनने तापते, घट्ट बुटात कोंबली की ती विझते. तिची जागा खिशात.

० फॅरनहाइट आणि ताशी १५ मैल वारा म्हणजे अंगाला उणे १९ फॅरनहाइट, उणे २८ सेल्सिअससारखं. उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर मेणासारखा पांढरा ठिपका आला तर उघडा तळहात त्यावर धरा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आणि जोडीदाराची जीभ अडखळायला लागली, बटणं लागेनाशी झाली, "मी ठीक आहे" असं चिडून म्हणायला लागला, तर त्या दिवसाची शिकार संपली. गाडीत बसवा, ओले कपडे काढा, गोड गरम पाजा. दारू नको. तिने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेरच जाते.

---

उत्तरायण

अहाहा, मंडळी, हे तर पुस्तकच झालं. घरी काडतुसं काढून, नारिंगी जाकीट चढवून दस्ता लावून बघितला. दहापैकी सात वेळा काखेत अडकला!

दोन शंका. चौथा प्रश्न (कुत्री आणि बर्फाचा थर) राहिलाय. आणि मी एच-१बीवर आहे. बंदूक मित्राची, चालवणार मी. याने काही अडतं का?

---

कलम_वाचक

अडतं, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात (शीर्षक १८, कलम ९२२ (जी)(५)) स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-१बी यातच येतो. "बाळगणं" म्हणजे मालकी असणंच नव्हे. मित्राची बंदूक हातात घेणं, त्याची काडतुसं खिशात ठेवणंही यात येतं. त्याच कलमाच्या (वाय) पोटकलमात अपवाद आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकार परवाना जवळ असेल तर ही मनाई लागू नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचणच नाही, ते या गटात मोडत नाहीत.

म्हणजे क्रम उलटा करायचा नाही. आधी परवाना, मग बंदुकीला हात. वर म्हटलंय तसा घरचा सरावही परवान्यानंतरच. परवान्याची मुदत बघा. साउथ डकोटाचा बाहेरच्यांसाठीचा लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचा (स्मॉल गेम) परवाना पाच-पाच दिवसांच्या दोन तुकड्यांसाठी असतो. त्या दिवसांबाहेर त्याचा आधार घ्यायचा असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. राहत्या राज्याचा वर्षभराचा परवाना काढून ठेवणं सोयीचं. कागदी प्रत सोबत ठेवा, थंडीत फोन मान टाकतो.

बाकीचे नियम: फेझंटसाठी वेळ सकाळी १० (सेंट्रल वेळेनुसार) ते सूर्यास्त, दिवसाला माणशी ३ नर, हंगाम ३१ जानेवारीपर्यंत. वॉक-इन एरिया म्हणून पाटी असलेली जमीन खासगी असते, राज्याने ती शिकाऱ्यांसाठी भाड्याने घेतलेली असते. तिथं पायीच जायचं. पाटी संपली की हद्द संपली. नेताना पक्षी नर आहे हे दिसलं पाहिजे, म्हणून डोकं, पूर्ण पिसांचा एक पंख किंवा पाय धडाला राहू द्या. तिन्ही काढून साफ मांस पिशवीत घालून निघालात तर दंड.

---

ओलं_नाक

कुत्री आणि बर्फ, दोन्ही घेतो. गोष्ट एकच आहे, कारण बर्फातून आधी कुत्रीच खाली जाते.

नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ चार इंच असेल तर माणसाला चालायला पुरतो. पांढरा, दुधी बर्फ निम्म्याच ताकदीचा, त्याला दुप्पट जाडी हवी. आणि त्यावर भुसभुशीत बर्फाचा थर पडलेला असेल तर खालचं पाणी उबदार गोधडीखाली झोपल्यासारखं राहतं, गोठायला वेळ लावतं. आठवडाभर उणे तापमान होतं म्हणून सगळीकडे चार इंच असेलच असं नाही. पाणकणसात धोक्याच्या जागा ठरलेल्या: मस्करॅट या पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याच्या गवती ढिगांभोवतीचं वर्तुळ, झरा किंवा ओढा येऊन मिळतो ते तोंड, आणि दाट पाणकणीस जिथं उघड्या पाण्याला लागतं ती कड. हातात काठी ठेवा, जिथं शंका तिथं ठोका. ढिगापासून दहा पावलं लांबून जा. बहुतेक दलदली कमरेइतक्याच खोल असतात, माणूस बुडत नाही. पण उणे अठरात कमरेपर्यंत भिजून गाडीपासून एक मैल दूर असणं हे बुडण्याइतकंच वाईट. म्हणून कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड गाडीत, आणि ओल्या माणसाने थेट गाडी गाठायची. "एवढा तुकडा काढून मग जाऊ" चालणार नाही.

कुत्री पाण्यात पडली तर तिच्यामागे बर्फावर धावू नका. काठावरून हाक मारत राहा, ज्या बाजूने आली त्याच बाजूला बोलवा, तिथला बर्फ तिला तोलत होता. गळ्याच्या पट्ट्यात अडकेल अशी दोरी किंवा लांब फांदी वापरा. पडलेला पक्षी उघड्या पाण्यावर तरंगत असेल आणि कड पातळ असेल तर तो गेला असं समजा. याच कारणासाठी उघड्या पाण्यावरून जाणाऱ्या पक्ष्यावर बारच टाकू नका.

पंजे: बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात, कुत्री लंगडते, थांबून चावत बसते. आदल्या दिवशी ते केस पंज्याच्या बरोबरीने कापा आणि निघताना पंज्यांचं मेण चोळा. पापडी धरलेल्या बर्फाच्या कडा काचेसारख्या कापतात. बर्फावर लाल ठिपके दिसले तर पंजे तपासा. छातीला निओप्रीनचं जाकीट. ते एक माप मोठं असेल तर काखेत घासून सोलतं, म्हणून घालून आधी तासभर फिरवून बघा.

थंडीतही कुत्रीला पाणी लागतं. बर्फ खाऊन तिची तहान भागत नाही, उलट अंगातली ऊब जाते. कोमट पाण्याची बाटली आतल्या खिशात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाजा. सकाळी पोटभर खायला घालून पळवू नका, पोट फुगून पिळा पडू शकतो. थोडं आधी, मधेमधे दोन घास, मुख्य जेवण संध्याकाळी अंग सुकल्यावर. कुत्री अडखळायला, थरथरायला किंवा बावचळल्यासारखी करायला लागली तर थांबा, हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि गाडीत न्या.

आणि फार कोरड्या, कडक थंडीत वास कमी उठतो. कुत्री चार फुटांवरून पक्षी ओलांडून गेली तर तिच्यावर ओरडू नका. दुपारी ऊन आलं की तिचंच नाक चालू लागेल.

---

बारा_बोअर

दोन सुटलेल्या गोष्टी.

पक्षी पडला की त्याच्या जागेवरून नजर काढायची नाही. दुसरा उठला तरी नाही. सगळं पाणकणीस सारखंच दिसतं. पलीकडचं एखादं झाड किंवा खांब रेषेत धरा, सरळ चालत जा, पोचल्यावर टोपी तिथं टाका आणि तिच्याभोवती वाढत्या वळणात शोधा. पडताना मान वर असेल तर बहुधा फक्त पंख मोडलाय, तो धावणार. कुत्री ताबडतोब सोडा. भुसभुशीत बर्फात पडलेला नर उंदरासारखा आत घुसतो, वर फक्त मुठीएवढं भोक आणि कधी शेपटीचं एक पीस दिसतं. त्या भोकात हात घाला, पण मोजा घालून. जुन्या नराच्या पायाचा आर चांगलाच टोकदार असतो. पक्षी हाती आल्यावर गळ्याखालची चाऱ्याची पिशवी चाचपा. मका लागला तर पुढचा तुकडा मक्याजवळचा निवडा, तणाचं बी लागलं तर मक्याच्या मागे धावायचं कारण नाही.

दुसरं, पोट लगेच साफ करा. उणे अठरात पक्षी गोठून दगड होतो, मग आतडी निघत नाहीत आणि पिसांबरोबर कातडी फाटते.

आणि गाडी. तिकडचे कच्चे रस्ते हिवाळ्यात साफ होतीलच असं नाही, तशी पाटीही असते. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. फावडं, दोन घोंगड्या, वाळूची गोणी. अडकलात आणि ऊब घ्यायला इंजिन चालू करायचं असेल तर आधी उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ उकरा, तासाला दहा मिनिटंच चालवा आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा.

---

उत्तरायण

धन्यवाद मंडळी. आधी परवाना काढतो, सराव त्यानंतर. चोकचं मित्रावर सोपवलंय: पहिल्या दिवशी इम्प्रूव्हड सिलिंडर, पापडी धरली आणि पक्षी लांबून उठायला लागले तर मॉडिफाइड. बोटं बधिर असताना चोकचा पाना गाडीत राहिला तर काय करतात?

---

दुनळी

चोक हाताने घट्ट बसवायचा आणि दर तासाला, काडतुसं काढून, ढिला झालाय का बघायचा. ढिल्या चोकमधून बार गेला की आटे जातात. पाना मात्र बंदुकीच्या पेटीत ठेवू नका, पेटी गाडीतच राहते. जाकिटाच्या आतल्या खिशात, परवान्याबरोबर ठेवा. आणि चोक बदलताना हातमोजा काढाल तो दातांत धरा, बर्फावर ठेवलात की वारा घेऊन जातो.